लाइट येऊन मशीन चालू होतं, पण पोस्टग्रेस उठत नाही; हाताने चालू केलं की लगेच उठतं

बंदर_हिशेब

मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसातलं मशीन आहे, दापोली तालुका. उबंटू २२.०४, त्यावर डेटाबेस सांभाळणारं पोस्टग्रेसक्यूएल (पोस्टग्रेस) १४, उबंटूच्याच पॅकेजमधून टाकलेलं. ओएस २४० जीबी एसएसडीवर. डेटाबेस मात्र १ टीबीच्या यूएसबी डिस्कवर हलवला आहे, ईएक्सटी४ फाइलसिस्टिम, माउंट होते (फोल्डर म्हणून जोडली जाते) /डेटा वर. बर्फ काउंटर, डिझेल पंप आणि ऑफिस असे तीन पीसी या सर्व्हरला जोडतात. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.५०, हाताने दिलेला.

लाइट गेली की मशीन बंद पडतं, आली की बायोसच्या सेटिंगमुळे आपोआप चालू होतं. इथवर ठीक. पण दहातल्या सात-आठ वेळा पोस्टग्रेस बंदच असतं. एसएसएचने (दुसऱ्या पीसीवरून) आत जाऊन 'सिस्टिमसीटीएल स्टार्ट पोस्टग्रेसक्यूएल@१४-मेन' दिलं की पाच सेकंदांत उठतं, डेटाही सगळा जागेवर.

गोंधळ असा की 'सिस्टिमसीटीएल स्टेटस पोस्टग्रेसक्यूएल' हिरवं दाखवतं, 'अ‍ॅक्टिव्ह (एक्झिटेड)'. एनेबल्डही आहे. १४-मेनचं स्टेटस बघितलं तर शेवटच्या दोन ओळी अशा:

'कान्ट ओपन पीआयडी फाइल /रन/पोस्टग्रेसक्यूएल/१४-मेन.पीआयडी (येट?) आफ्टर स्टार्ट'
'फेल्ड विथ रिझल्ट प्रोटोकॉल'

पोस्टग्रेसच्या स्वतःच्या लॉगमध्ये त्या वेळेची एकही ओळ नाही. आरसी.लोकलमध्ये (बूटच्या वेळी चालणारी स्क्रिप्ट) 'स्लीप ६०' टाकून पुढे स्टार्टची कमांड लिहिली, तर कधी चालतं, कधी नाही. सध्या मासेमारी बंदी आहे, ३१ जुलैपर्यंत होड्या किनाऱ्यावर, म्हणून मशीन हवं तितक्या वेळा बंद-चालू करता येईल. १ ऑगस्टनंतर पहाटे चारला बर्फाच्या गाड्या लागल्या की हे परवडणार नाही.

समुद्रफेस

लाइट गेल्यामुळे जुनी पोस्टमास्टर.पीआयडी (चालू पोस्टग्रेसचा प्रोसेस नंबर लिहिलेली फाइल) डेटा फोल्डरमध्ये राहते, तिच्यामुळे अडतंय. आरसी.लोकलमध्ये स्टार्टच्या आधी ती फाइल उडवायची ओळ टाका.

रात्रपाळी

वरचा सल्ला कृपया पाळू नका. पोस्टमास्टर.पीआयडी हे कुलूप आहे. पोस्टग्रेस चालू असताना कुठल्याही स्क्रिप्टने ते उडवलं, तर त्याच डेटा फोल्डरवर दुसरं पोस्टग्रेस उभं राहायची वाट मोकळी होते, आणि मग टेबलं अशी बिघडतात की बॅकअपशिवाय इलाज नाही. शिवाय त्याची गरजही नसते. फाइलमधल्या नंबराची प्रोसेस जिवंत नसेल, किंवा असली तरी दुसऱ्या युजरची असेल, तर पोस्टग्रेस ती फाइल स्वतःच जुनी धरतं. खरंच तिथे अडलं असतं तर 'लॉक फाइल ऑलरेडी एक्झिस्ट्स' अशी ओळ लॉगमध्ये मिळाली असती. तुमचा लॉग तर कोरा आहे.

कोरा लॉग हीच इथली खरी खूण आहे. लॉगचं फोल्डर /व्हार/लॉग/पोस्टग्रेसक्यूएल, म्हणजे तुमच्या एसएसडीवर. तिथे एकही ओळ नाही याचा अर्थ पोस्टग्रेसचा सर्व्हर त्या वेळी सुरूच झाला नाही. त्याच्या आधी 'पीजी_सीटीएलक्लस्टर' नावाचा जो हस्तक असतो, तोच दारातून परत गेला.

हिरव्या स्टेटसचं म्हणाल तर उबंटू-डेबियनमध्ये 'पोस्टग्रेसक्यूएल' ही सर्व्हिस नुसती पाटी आहे. ती 'ट्रू' ही कमांड चालवते आणि संपते, म्हणून 'एक्झिटेड'. खरं काम 'पोस्टग्रेसक्यूएल@१४-मेन' करतं. त्याला बूटच्या वेळी बोलवायचं की नाही, हे /ईटीसी/पोस्टग्रेसक्यूएल/१४/मेन मधल्या स्टार्ट.कॉन्फ फाइलवर ठरतं. तिथे 'ऑटो' लिहिलेलं हवं. 'मॅन्युअल' किंवा 'डिसेबल्ड' असेल तर नुसती 'पोस्टग्रेसक्यूएल'ची पाटी एनेबल करून ते उठणार नाही. ऑटो असताना 'इज-एनेबल्ड' विचारलं तर 'एनेबल्ड-रनटाइम' उत्तर येतं. ते बरोबरच आहे, घाबरू नका.

आता तीन गोष्टी इथे टाका. पुढच्या वेळी पोस्टग्रेस उठलं नाही की हाताने चालू करायच्या आधी:

'पीजी_एलएसक्लस्टर्स'
'जर्नलसीटीएल -बी -ओ शॉर्ट-मोनोटॉनिक -यू पोस्टग्रेसक्यूएल@१४-मेन -यू डेटा.माउंट'
आणि कोणती डिस्क कुठे माउंट करायची ते लिहिलेल्या /ईटीसी/एफएसटॅब मधली /डेटाची ओळ.

शॉर्ट-मोनोटॉनिक मुद्दाम सांगतोय. घड्याळाची वेळ न दाखवता बूटपासून किती सेकंद झाले ते दाखवतं, त्यामुळे कोण आधी आलं, कोण नंतर, हे उघडं पडतं. आणि स्टेटसच्या शेवटच्या दोन ओळींवर जाऊ नका. पीआयडी फाइल सापडली नाही हा परिणाम आहे, कारण त्याच्या एक-दोन ओळी वर असतं.

बंदर_हिशेब

स्टार्ट.कॉन्फमध्ये ऑटोच आहे. बाकी हे:

पीजी_एलएसक्लस्टर्स: १४ मेन ५४३२ डाउन, मालकाच्या रकान्यात 'अननोन', फोल्डर /डेटा/पीजी/१४/मेन

[११.८] पीजी_सीटीएलक्लस्टर: एरर: /डेटा/पीजी/१४/मेन इज नॉट अ‍ॅक्सेसिबल ऑर डज नॉट एक्झिस्ट
[११.९] फेल्ड विथ रिझल्ट प्रोटोकॉल
[१९.४] माउंटिंग /डेटा
[१९.७] माउंटेड /डेटा

एफएसटॅब: '/डेव्ह/एसडीबी१ /डेटा ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल ० २'

म्हणजे डिस्क साडेसात सेकंद उशिरा येते. पण साधं रीबूट केलं तर एकदाही बिघडलं नाही, सलग पाच वेळा बघितलं.

रात्रपाळी

सापडलं. आधी रीबूटचं सांगतो, नाहीतर चाचणीच फसवेल. रीबूटमध्ये यूएसबी डिस्कची वीज सहसा तुटत नाही, तबकडी फिरतच असते, म्हणून ती लगेच हजर होते. लाइट जाऊन आली की तबकडी शून्यापासून फिरायला लागते. त्यात फाइलसिस्टिम नीट बंद झालेली नसते, म्हणून माउंटच्या आधी एफएससीके (डिस्क तपासणारा प्रोग्राम) तिचं जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या नोंदी, पुरं करतं. त्यामुळे चाचणी अशी करा: मशीन 'पॉवरऑफ' देऊन व्यवस्थित बंद करायचं, भिंतीवरचं बटण मिनिटभर बंद ठेवायचं, मग चालू. चालू मशीनची पिन खेचू नका, चाचणीसाठी डेटा पणाला लावण्यात अर्थ नाही.

आता मुळाशी. 'नोफेल'चा अर्थ बहुतेक जण 'डिस्क नसली तरी बूट अडकू नये' एवढाच धरतात. सिस्टिमडीमध्ये (बूटला सगळ्या सर्व्हिसेस उठवणारा प्रोग्राम, सिस्टिमसीटीएल ही त्याचीच कमांड) त्याचा दुसराही अर्थ आहे: या माउंटसाठी कोणी थांबायचंही नाही. साधी माउंट 'लोकल-एफएस' या टप्प्याच्या आधी पूर्ण व्हावीच लागते, आणि सगळ्या सर्व्हिसेस त्या टप्प्यानंतर येतात. नोफेल लावलं की ती माउंट त्या रांगेतून बाहेर पडते. मग पोस्टग्रेस आणि डिस्क यांची शर्यत, आणि गार डिस्क हरते.

डेबियनच्या युनिटमध्ये (सर्व्हिस कशी उठवायची ते लिहिलेली फाइल) 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' (हे फोल्डर आधी माउंट झालेलं हवं) आधीपासून आहे, पण ते /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल साठी. तुम्ही डेटा /डेटा वर नेलात, युनिटला ते कोणी सांगितलंच नाही.

नोफेल काढून टाका असं मी म्हणणार नाही. काढलं आणि डिस्क आलीच नाही, तर दीड मिनिट वाट बघून मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाईल. एसएसएचसुद्धा नाही. मॉनिटर-कीबोर्ड नसलेल्या मशीनवर हे म्हणजे कुणाला तरी पहाटे ऑफिस उघडायला पाठवणं आलं. नोफेल राहू दे, फक्त पोस्टग्रेसला डिस्कसाठी थांबायला शिकवा.

'ब्लकआयडी /डेव्ह/एसडीबी१' देऊन यूयूआयडी (डिस्कची न बदलणारी ओळख) घ्या आणि एफएसटॅबची ओळ अशी करा:

'यूयूआयडी=(तुमचा) /डेटा ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१८०एस ० २'

एसडीबी हे नाव कायमचं नसतं. कोणी पेन ड्राइव्ह लावून ठेवला आणि लाइट गेली, तर पुढच्या बूटला तोच एसडीबी होऊ शकतो. १८० सेकंद एवढ्यासाठी की मुदत न दिल्यास ९० धरले जातात आणि थकलेल्या डिस्कला ते कधी कधी पुरत नाहीत. ही मुदत फक्त डिस्क दिसण्याची आहे. एफएससीकेला लागणारा वेळ यात धरत नाहीत.

मग 'सिस्टिमसीटीएल एडिट पोस्टग्रेसक्यूएल@.सर्व्हिस' (@ नंतर १४-मेन लिहायचं नाही), आणि त्यात दोनच ओळी:

[युनिट]
रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा

@ नंतर आवृत्ती न लिहिण्याचं कारण, उद्या १४ वरून १६ वर गेलात की '१४-मेन' नावाने ठेवलेला तुकडा मागेच राहतो आणि हाच आजार परत येतो. सेव्ह केल्यावर 'सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड'. एफएसटॅब बदलल्यावरही तो लागतोच. तपासायला 'सिस्टिमसीटीएल शो -पी आफ्टर पोस्टग्रेसक्यूएल@१४-मेन', त्यात डेटा.माउंट दिसलं पाहिजे.

यानंतर डिस्क खरंच मेली असेल तर स्टेटसमध्ये 'डिपेंडन्सी' हा शब्द येईल, 'प्रोटोकॉल' नाही. म्हणजे दोष कुठे आहे ते एका शब्दात कळेल.

एक शेपूट राहिलं. /डेटा माउंट नसताना ते एसएसडीवरचं रिकामं फोल्डर असतं. घाईत कोणी तिथे नवा क्लस्टर (पोस्टग्रेसचं नवं कोरं डेटा फोल्डर) तयार केला तर पोस्टग्रेस आनंदाने उठतं, सगळे हिशेब शून्य, आणि लोक त्यातच नोंदी करायला लागतात. नंतर डिस्क वर येऊन बसली की त्या नोंदी गायब. म्हणून पोस्टग्रेस थांबवा, डिस्क अनमाउंट करा, रिकाम्या फोल्डरला 'सीएचअ‍ॅटर +आय /डेटा' द्या, परत माउंट करा. माउंट व्हायला अडचण येत नाही, पण डिस्क नसताना त्यात रूटलासुद्धा काही लिहिता येत नाही.

कातळशिल्पी

रात्रपाळींशी सहमत, भर एवढीच. आरसी.लोकल आणि 'क्रॉन अ‍ॅट रीबूट' हे दोन्ही उपाय अंदाजाने थांबतात. ६० सेकंद पुरले तर पुरले. एफएससीकेला ७० लागले तर गेलं, आणि १० लागले तर ५० उगाच वाया.

'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर' टाकायचा मोह होईल. पॅकेजच्या युनिटमध्ये ते मुद्दाम बंद ठेवलंय, कारण त्याने पीजी_सीटीएलक्लस्टरने थांबवणं नीट चालत नाही. क्रम बरोबर लावला की त्याची गरज पडत नाही.

बूटनंतर पहिले काही क्षण काउंटरवर 'द डेटाबेस सिस्टिम इज स्टार्टिंग अप' आलं तर थांबा, हात लावू नका. लाइट गेल्यावर पोस्टग्रेस शेवटच्या चेकपॉइंटपासूनची (सगळे बदल डेटा फाइलींत उतरल्याची खूण) वॉल, म्हणजे बदलांची नोंदवही, परत वाचतं. मूळ सेटिंगमध्ये चेकपॉइंट ५ मिनिटांचा आणि वॉलची मर्यादा साधारण १ जीबी, त्यामुळे तीन काउंटरच्या कामाला हे फार लांबत नाही. त्यात मध्येच कोणी 'अडकलंय' म्हणून मशीन बंद केलं की पहिल्यापासून सुरू.

आणि यूएसबी डिस्कवर डेटाबेस ठेवणं मला पटत नाही. काही स्वस्त यूएसबी डब्यांतला पूल (ब्रिज चिप) 'लिहून झालं' असं सांगतो तेव्हा डेटा अजून कॅशमध्येच असतो. पोस्टग्रेसचा सगळा भरवसा एफएसिंकवर (डेटा खरोखर डिस्कवर उतरवायला सांगणारी हाक). खाऱ्या हवेत त्या यूएसबी पिनेवर हिरवट थर धरतो तो वेगळाच. बंदी आहे तोवर केबिनेटमध्ये साटा एसएसडी बसवून डेटा तिकडे न्या. त्याच बैठकीत क्लस्टर थांबवून 'पीजी_चेकसम्स --एनेबल' चालवा, ते /यूएसआर/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१४/बिन मध्ये आहे. १४ मध्ये चेकसम (डेटाच्या पानांची पडताळणी) मुळात बंद असतात, त्यामुळे पान बिघडलं तरी आज तुम्हाला कळणार नाही. त्याआधी पूर्ण बॅकअप, हे वेगळं सांगायला नको.

बंदर_हिशेब

यूयूआयडी, रिक्वायर्समाउंट्सफॉर, सीएचअ‍ॅटर, तिन्ही केलं. बटण बंद करून आठ वेळा चाचणी, आठही वेळा पोस्टग्रेस ऑनलाइन. डिस्क सर्वांत उशिरा २६ सेकंदांना आली, पोस्टग्रेस तिच्या मागोमाग.

पण काल संध्याकाळी खरी लाइट गेली, पाऊण तासाने आली. पीजी_एलएसक्लस्टर्समध्ये ऑनलाइन, सर्व्हरवरच 'पीएसक्यूएल' (डेटाबेसला जोडणारी कमांड) चालतंय, तरी बर्फ काउंटरवर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. पिंग जातं. पोस्टग्रेस रीस्टार्ट केल्यावर सगळं सुरळीत. चाचणीत असं एकदाही झालं नव्हतं.

कातळशिल्पी

चाचणीत तुम्ही फक्त सर्व्हरचं बटण बंद केलंत. राउटर चालूच होता. काल दोघं एकदम उठले.

'लिसन_अ‍ॅड्रेसेस' (पोस्टग्रेसने कोणत्या पत्त्यांवर ऐकायचं ते सेटिंग) काय आहे? आणि लॉगमध्ये बूटच्या वेळी 'कुड नॉट बाइंड' असं काही?

बंदर_हिशेब

लिसन_अ‍ॅड्रेसेस = 'लोकलहोस्ट,१९२.१६८.१.५०'

लॉगमध्ये: 'कुड नॉट बाइंड आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.५०: कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस', खाली 'वॉर्निंग: कुड नॉट क्रिएट लिसन सॉकेट'. त्याच्या खाली 'डेटाबेस सिस्टिम इज रेडी टू अ‍ॅक्सेप्ट कनेक्शन्स'. तीच ओळ बघून निश्चिंत झालो होतो.

कातळशिल्पी

हा दुसरा, वेगळा दोष आहे. आत्तापर्यंत पहिल्याच्या आड लपला होता.

पत्ता हाताने दिलेला असला तरी केबलच्या दुसऱ्या टोकाला जीव असल्याशिवाय तो नेटवर्क कार्डावर चढत नाही. फायबरचा डबा आणि राउटर उठायला दोन-तीन मिनिटं घेतात, तुमचं मशीन अर्ध्या मिनिटात तयार. पोस्टग्रेस १९२.१६८.१.५० वर कान लावायला गेलं तेव्हा तो पत्ता मशीनकडे नव्हताच. यादीतला एकही पत्ता मिळाला नाही तर पोस्टग्रेस 'फेटल' देऊन बंद पडतं. तुमच्या यादीत लोकलहोस्ट (मशीन स्वतः) होता, तो मिळाला, म्हणून नुसता इशारा देऊन ते चालू राहिलं. नंतर पत्ता आला तरी पोस्टग्रेस परत बघायला जात नाही.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. 'टाइम्ड आउट' आलं असतं तर केबल, पत्ता किंवा फायरवॉल बघा म्हटलं असतं. 'नो पीजी_एचबीए एंट्री' आलं असतं तर पोस्टग्रेसपर्यंत पोहोचलात, फक्त परवानगी नाही.

'आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' लावा असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळेल. तो इथे अर्धवट आहे. सिस्टिमडी-नेटवर्कडीचा वाट बघणारा हस्तक १२० सेकंद थांबतो, मग हार मानतो आणि गाडी पुढे जाते. राउटरला तीन मिनिटं लागली की तुम्ही परत तिथेच. वर राउटर बिघडला तर प्रत्येक बूट दोन मिनिटं लांबणार.

सोपा रस्ता: लिसन_अ‍ॅड्रेसेस = '*'. याने पोस्टग्रेस सगळ्या पत्त्यांवर कान लावतं, आज असलेल्या आणि उद्या येणाऱ्याही. बदल लागू व्हायला रीलोड पुरत नाही, रीस्टार्टच लागतो. दार उघडं पडू नये म्हणून पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये बाहेरच्यांसाठी एकच ओळ ठेवा:

'होस्ट (डेटाबेस) (युजर) १९२.१६८.१.०/२४ स्क्रॅम-एसएचए-२५६'

आणि फायरवॉलसाठी 'यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ५४३२ प्रोटो टीसीपी'. यूएफडब्ल्यू पहिल्यांदाच चालू करत असाल तर आधी एसएसएचला वाट द्या, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल. राउटरमध्ये ५४३२ बाहेरून आत सोडलेला नाही ना, तेही बघा. कोणीतरी कधीतरी 'घरून बघता यावं' म्हणून सोडून ठेवतं.

रीस्टार्टनंतर 'एसएस -एलटीएन' मध्ये ०.०.०.०:५४३२ दिसलं की झालं. मग चाचणी राउटरसकट: दोन्हींची वीज बंद, मिनिटभराने एकदम चालू.

समुद्रफेस

पीआयडी फाइलचं मी चुकलो, मान्य. यूपीएस घेतला की हे सगळं मिटलं नसतं का?

रात्रपाळी

मिटलं नसतं, लांबलं असतं. पावसात चार-सहा तास लाइट नसते, साधा यूपीएस पंधरा-वीस मिनिटांचा. यूपीएस घ्याच, पण यूएसबी केबलने मशीनला जोडता येणारा. 'नट' (यूपीएसवर नजर ठेवणारा प्रोग्राम) बसवलं की बॅटरी खाली आल्यावर मशीन स्वतः व्यवस्थित बंद होतं, मग पुढच्या बूटला ना एफएससीके, ना वॉलची उजळणी. क्रमाचा दोष मात्र तसाच राहतो, कारण लाइट आल्यावर बूट तोच.

केबिनेट उघडाल तेव्हा मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी बदला. ती मेली की बायोसचं 'लाइट आली की चालू हो' हे सेटिंगही जातं आणि मग मशीनच उठत नाही. शिवाय घड्याळ मागच्या सालात गेलं की एफएससीके 'लास्ट माउंट टाइम इज इन द फ्यूचर' म्हणून कुरकुरतं. क्लिपवर पांढरट थर असेल तर तोही पुसा.

बंदर_हिशेब

'*' केलं, एचबीए आणि यूएफडब्ल्यू लावलं. राउटरसकट सहा वेळा बंद-चालू. पोस्टग्रेस सर्वांत उशिरा ३१ सेकंदांना, राउटर १४० च्या आसपास, आणि राउटर आला की तिन्ही काउंटर आपोआप जोडले. साटा एसएसडी मागवली आहे.

रात्रपाळी

आरसी.लोकलमधली स्लीप ६० वाली ओळ काढलीत का? ती असेपर्यंत चाचणी पक्की धरू नका. एखाद्या वेळी ६० सेकंदांच्या पुढे गेलं, तर पोस्टग्रेस स्वतः उठलं की तिने उठवलं, ते कळणार नाही.

बंदर_हिशेब

राहिली होती. काढून परत सहा वेळा केलं. २८ ते ३१ सेकंद, सहाही वेळा.